मागच्या वेळी आपण

पायऱ्या ब्याऐंशी होत्या. हे तिला वर पोचायच्या आधीच माहीत होतं, कारण नवऱ्यानं ते खालीच सांगून टाकलं होतं, आणि त्याला ते कसं माहीत असा प्रश्न तिला पडला नव्हता. लिफ्टांचा तपासनीस म्हणून एकतीस वर्षं काढलेला माणूस. कुठल्याही इमारतीसमोर उभा राहिला की त्याची मान आपोआप वर जायची आणि ओठ हलायला लागायचे. नदीकाठचं ते जुनं देऊळ म्हणजे सहलीतलं पहिलं ठिकाण. ऊन असं की पायरीचा दगड चपलेतून पोळत होता, आणि हवेत इतकी ओल की घाम वाळायचं नावच घेत नव्हता. पुढे सहलीचा मार्गदर्शक पिवळी छत्री उंच धरून चालला होता. छत्री उन्हासाठी नव्हती, माणसं हरवू नयेत म्हणून होती, त्यामुळे तो स्वतः बिचारा भाजून निघत होता. अर्ध्यावर नवरा दम खायला थांबला. त्यानं कठड्यावर हात ठेवला, शेजारच्या पायरीकडे बोट केलं आणि घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं इतक्या सहज म्हणाला, "मागच्या वेळी आपण आलो होतो ना, तेव्हा ही तुटलेली होती."

"हो का?" ती म्हणाली. म्हणजे तोंड म्हणालं. पाय पुढची पायरी चढले, हातानं रुमाल काढून मान पुसली, सगळं रीतसर झालं. मग दोन पायऱ्या वर गेल्यावर वाक्य तिच्या डोक्यापर्यंत पोचलं. नवरा इथं येऊन गेला होता. सहल ठरवताना, तीन पुस्तिका पुढ्यात पसरून तिला एकेका सहलीतल्या शहरांची नावं वाचून दाखवताना, "तुला कुठली आवडेल ते सांग" म्हणताना तो हे बोलला नव्हता. तेही एक वेळ असो. साठी ओलांडलेल्या माणसाला काही आयुष्य असणारच. पण तो 'आपण' म्हणाला होता. मागच्या वेळी आपण. तिचं तर पारपत्रच तीन महिन्यांपूर्वी निघालं होतं, आणि त्यावरच्या फोटोत ती अजून चोरी पकडल्यासारखी दिसत होती.

तिनं छापखान्यात अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासली होती. त्या कामानं डोळ्याला लागलेली खोड सहलीवर निघताना घरी ठेवून येता येत नाही. चूक दिसली की डोळा तिच्यावरून पुढे सरकत नाही, चपलेत खडा गेला की पाय सरकत नाही तसा. आणि ही तर अगदी साधी चूक. 'आपण' म्हटलं की ऐकणारा धरून, 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा वगळून. हे पहिलीतल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. 'आम्ही गोट्या खेळतोय' एवढं ऐकलं की दारातलं पोर समजून चुकतं, आपल्याला घेणार नाहीत. कामाला लागली तेव्हा वरिष्ठ मुद्रितशोधकानं, जाड भिंगाच्या चष्म्याच्या एका खडूस म्हाताऱ्यानं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, आपण दुरुस्त करतो, सुधारत नाही. लेखकाच्या अर्थाला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं." तिनं मनातल्या मनात समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढे गेली. वर पोचल्यावर मार्गदर्शकानं माणसं मोजली. सहलीत सगळी जोडपीच असल्यामुळे तो जोड्याच मोजायचा, समोर येऊन छत्रीचं टोक दाखवायचा नि विचारायचा, "तुमची जोडी पूर्ण?" नवरा म्हणाला, "पूर्ण." तिला वाटलं, तो जरा घाईनंच म्हणाला.

त्यांचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. ती तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. भावजय हसत म्हणाली होती, "वन्सं, लोक तरुणपणी गुडघ्याला बाशिंग बांधतात, तुम्ही गुडघेदुखीच्या वयात बांधलंत!" आणि तीसुद्धा हसली होती, कारण बोलणं खोटं नव्हतं. ओळख झाली ती एका पानामुळे. लिफ्ट वापरण्याच्या सूचनांची पुस्तिका छापायला तो छापखान्यात आला होता आणि अक्षरं जुळवणाऱ्यानं 'लिफ्टमध्ये उड्या मारणे टाळावे' याचं 'लिफ्टमध्ये उड्या मारणे पाळावे' करून ठेवलं होतं. पान छापायला जाता जाता तिनं ते धरलं. तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग डोळे पुसून म्हणाला, "चार वर्षांत असं हसलो नव्हतो." तेव्हाही तिला कळायला हवं होतं की चार वर्षं म्हणजे कशापासून मोजलेली चार वर्षं. कळलं होतंच. तो विधुर आहे हे काही त्यानं लपवलं नव्हतं. पण लग्नानंतर त्या घरात त्यानं आधीचीचं नाव एकदाही काढलं नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता. फोटो होता तिथं भिंतीचा रंग चौकोनात जरा उजळ होता, आणि त्या चौकोनावर त्यानं दिनदर्शिका टांगली होती. दिनदर्शिका चौकोनापेक्षा लहान पडत होती. ती घरात त्या बाईंना मनातल्या मनात 'त्या' म्हणायची. वयानं मोठ्या, हक्कानं मोठ्या; आणि डबे, पळ्या, पडदे सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्याबद्दल जे काही तिला माहीत होतं ते नणंदेकडून. नणंद चहा पिता पिता सांगायची, "आमच्या वहिनीला लिफ्टची भारी धास्ती. सहा मजले चढून जाईल पण आत पाय घालणार नाही. दादा लिफ्टवाला आणि बायको जिनेवाली, काय जोडा जमवला होता देवानं!" आणि मग जीभ चावून, "तुमचं बरं आहे हो," असं काहीतरी म्हणायची. आमची वहिनी, आणि तुमचं बरं आहे. नणंद व्याकरणात पक्की होती.

देवळावरून उतरून सगळे नावेत बसले. नदी रुंद, मातकट, दोन्ही काठांवर पाण्यात पाय सोडून बसलेली घरं. सहलीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते डोळ्यांनी काही बघतच नसत, सगळं मोबाइलमध्ये भरून घेत, घरी जाऊन निवांत बघायला. ते नावेच्या टोकावर उभे राहून ओरडत होते, "वहिनी, इकडे बघा, हसा, हसा की!" ती हसली. शेजारी नवरा पाण्याकडे बघत म्हणाला, "इथं वळणावर मळमळायला लागलं होतं." कोणाला ते तो म्हणाला नाही. वाक्यात कर्ताच नव्हता. आपली भाषा ही सोय करून देते. कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं, मालक परगावी गेला तरी घर उभं असतं तसं. नाव वळली. आणि त्या रिकाम्या जागेत कोणीतरी बसायलाच हवं म्हणून की काय, तिच्याच पोटात ढवळून आलं. तोंडात आंबट पाणी सुटलं. तिनं नावेची कड धरली. नवऱ्यानं न बघताच पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढून तिच्या हातात दिली. पुडी त्यानं घरून आणली होती. नावेत बसायचंय, वळण आहे, मळमळणार आहे, हे सगळं धरून आणली होती. खडीसाखर चघळताना तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती ही, की हा माणूस विसरायला लागलाय का? या वयात होतं काहींचं. पण नाही. खोलीचा नंबर, बसचा नंबर, तिच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं त्याच्या जिभेवर होतं. विसरणारा माणूस असा नसतो. त्याला सगळं आठवत होतं, आणि तिची पंचाईत नेमकी तीच होती.

पुढचे दोन दिवस तो बोलत राहिला. घरी दिवसाला मोजकी वाक्यं बोलणारा माणूस, इथं कोणीतरी तोंडाचं कुलूप काढल्यासारखा. या दुकानातून आपण ती लाकडी मुठीची छत्री घेतली होती. (म्हणजे ती छत्री. दीड वर्ष ती जी वापरत होती, जिची मूठ तिच्या हाताला बरोबर बसते असं ती कौतुकानं म्हणाली होती, ती.) या बाकावर आपण पाय दाबत बसलो होतो, त्या पायरीवर पडल्यावर गुडघा सुजला होता ना. या चौकात आपण रस्ता चुकलो आणि तासभर त्याच त्या पुतळ्याला फेऱ्या मारल्या. सांगताना तो खुलायचा. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल व्हायच्या, आणि तिला त्याच्याकडे बघून बरं वाटायचं, हेही खरं. खोटं कशाला बोला. त्या बोलण्यात ती कुठं नव्हतीच, पण तो बोलत तर तिच्याशी होता. प्रत्येक 'आपण'पाशी ती समासात प्रश्नचिन्ह काढायची. समास भरत आला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच बाकावर बसून उठताना तिचा उजवा गुडघा ठणकला. तिनं खोलीवर येऊन न्हाणीघरात कपडा वर करून पाहिलं. ना सूज, ना वळ, काही नाही. पण दाबलं की दुखत होतं. गुडघेदुखीचं वय, तिनं स्वतःला समजावलं. पण ब्याऐंशी पायऱ्या तर ती दोन दिवसांपूर्वी चढली होती, आणि आजवर तिचा दुखायचा तो डावा.

दुसरं शहर काचेचं होतं. विमानतळापासून खोलीपर्यंत जिकडे बघावं तिकडे आपलंच प्रतिबिंब. रस्ते इतके धुतलेले की त्यांच्यावरून चालताना आपण पाय पुसून आलोय का असा विचार मनात यावा. तिथल्या सगळ्यात उंच मनोऱ्यावर जायचं होतं. अठ्ठ्याऐंशी मजले, वर गच्ची, तिथून म्हणे समुद्रसुद्धा दिसतो. नवरा सकाळपासून लहान मुलासारखा हरखला होता. इतकी लांब उडी मारणारी लिफ्ट, तिचे दोर, तिची वजनं, मध्ये एका मजल्यावर डबा बदलावा लागतो तो का, हे सगळं त्यानं तिला न्याहारीला समजावून सांगितलं. खाली रांगेत उभं असताना तो म्हणाला, "मागच्या वेळी आपण इथपर्यंत आलो, आणि दारातून मागे फिरलो. भीती वाटली होती ना." पुन्हा कर्ता नव्हता. लिफ्टचं दार उघडलं. आत स्वच्छ पांढरा उजेड, चारी बाजूंना आरसे. मार्गदर्शकाची छत्री आत गेली, बँकवाले काका मोबाइल धरून उलटे चालत आत गेले, जोड्यांवर जोड्या आत गेल्या. नवरा आत गेला, दाराशेजारी उभा राहिला आणि नेहमीच्या सवयीनं भिंतीला तळवा लावला, डॉक्टरनं पाठीला लावावा तसा. मग त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं.

तिचा पाय उचलेना. छापखाना चौथ्या मजल्यावर होता. अठ्ठावीस वर्षं ती रोज चार वेळा लिफ्टनं वरखाली करत होती. कधी कधी कागदाच्या रिमांबरोबर, सामान न्यायच्या उघड्या लिफ्टमधून, वर्तमानपत्र वाचत. तिला लिफ्टची भीती वाटत नाही. हे तिनं स्वतःला शब्दात सांगितलं, मला लिफ्टची भीती वाटत नाही. पण घसा आवळला होता. समोरच्या आरशात दाराबाहेर जी बाई उभी होती तिच्या चेहऱ्यावर अशी भीती होती की तिला त्या बाईची दया आली. आतले सगळे बघत होते. आणि नवऱ्याच्या तोंडावर नवल नव्हतं. काळजी होती, माया होती, पण नवल नव्हतं. तो बाहेर आला, तिच्या कोपराला धरलं आणि म्हणाला, "असू दे. आपण खालीच बसू. मागच्या वेळीही—"

"आम्ही म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"मागच्या वेळी आम्ही. तुम्ही आणि त्या. मी नव्हते हो. मी तेव्हा छापखान्यात होते, पानं तपासत होते, डबा खात होते. मी इथं नव्हते. माझा गुडघा दुखायला लागलाय तुमच्यामुळे." शेवटचं वाक्य बोलायचं तिच्या मनात नव्हतं. ते आपसूक निघून गेलं आणि तिला रडू आलं. लिफ्टचं दार लागलं. काकांनी आतून ते सगळं टिपलं असणार.

तळमजल्यावर दगडी कट्टा होता, त्यावर दोघं बसली. नवऱ्यानं हाताची बोटं एकमेकांत गुंतवली नि सोडवली. मग म्हणाला, "मला काय फरक कळत नाही का गं? मीही मराठी शाळेतच शिकलो. पहिल्या दिवशी त्या पायरीवर तोंडातून निघून गेलं, खरंच. आणि तू 'हो का' म्हणालीस. तुला चाललं असं वाटलं. दीड वर्ष मी घरात तिचं नाव घेतलं नाही, तुला लागेल म्हणून. आणि नाव घेतलं नाही की ती जास्तच येऊन बसते. इथं आलो तर वाटलं, तुझ्याजवळ सांगावं. पण तुझ्याकडे बघून 'आम्ही' म्हणायला जीभ उचलेना. आम्ही म्हटलं की तुला दाराबाहेर उभं केल्यासारखं होतं."

"मग न सांगता का आणलंत इथं? मला वाटलं मी पुस्तिकेतून निवडलं."

"तू बोट ठेवलंस तीच ही सहल होती," तो म्हणाला. "तीन पुस्तिका होत्या. तू हीच उचललीस. मी काय बोलणार?"

हे तिला माहीत नव्हतं. तिला आठवलं, तीन पुस्तिका होत्याच, आणि हिच्यावरच्या नदीच्या चित्रावर तिनं बोट ठेवलं होतं. का ठेवलं ते मात्र आठवेना. मग त्यानं उरलेलं सांगितलं, जपून, एकेक शब्द तपासत. त्या दिवशी दारातून मागे फिरल्यावर याच कट्ट्यावर पहिलीच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं, घाबरल्यामुळे. दुखणं थांबेना तेव्हा इथूनच परत फिरलो आम्ही. तिसऱ्या शहराची तिकिटं तशीच राहिली. "चार महिन्यांत सगळं आटोपलं. शेवटी शेवटी ती म्हणायची, ते तिसरं राहिलं आपलं. दवाखान्यातसुद्धा तेच. राहिलं आपलं."

त्या दुपारनंतर तो 'आम्ही' म्हणू लागला. सांगितलेलं ऐकणारा माणूस. दुरुस्ती बिनचूक उतरली होती. आम्ही या पुलावरून चालत गेलो होतो. आम्हाला हा रस्ता आवडला होता. प्रत्येक वाक्य शुद्ध, जिथल्या तिथे, समास कोरा. आणि प्रत्येक वाक्याबरोबर एकेक दार तिच्या तोंडावर हलकेच लागत होतं. आवाज न करता, आतल्या माणसांनी संभाळून लावलेलं. गुडघा दुखायचा थांबला. लिफ्टचं भय कुठल्या कुठे गेलं. हॉटेलच्या लिफ्टनं ती एकटी दोनदा वरखाली करून आली, मुद्दाम, आणि बाराव्या मजल्यावर दार उघडल्यावर लांबलचक सुन्न मार्गिकेत उभी राहिली तेव्हा तिला इतकं एकटं वाटलं की ती तशीच परत खाली गेली. तिनं जे मागितलं ते तिला मिळालं होतं. तिला तिचं अंग परत मिळालं होतं, आणि आत कोणी नव्हतं. बागेत चालताना नवरा आणि ती यांच्यात एका माणसाचं अंतर पडायला लागलं. ते कोण पाडतंय हे सांगता आलं नसतं. नवरा थोडा डावीकडे, ती थोडी उजवीकडे. समोरून येणारी माणसंसुद्धा त्या फटीतून जात नव्हती, वळसा घालून जात होती. तिनं हे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायचं धाडस तिला झालं नाही.

तिसऱ्या शहराच्या विमानात नवऱ्याला डुलकी लागली. हातात पेन होतंच. ती पेनाशिवाय घराबाहेर पडत नसे. विमानाच्या तिकिटाच्या मागे तिनं लिहिलं, 'मागच्या वेळी आपण'. मग 'आपण'वर आडवी रेघ मारून वर 'आम्ही' लिहिलं, छापखान्यात लिहायची तसंच, बारीक आणि स्वच्छ. ते ती बघत बसली. खडूस म्हाताऱ्यानं निवृत्त होताना तिला एक गोष्ट सांगितली होती. म्हणाला होता, "बाई, सगळ्यात अवघड खूण कुठली सांगू? खोडलेलं परत आणायची. आपण केलेली दुरुस्ती आपणच चूक ठरवायची. त्याला काळीज लागतं." खूण साधीच असते. खोडलेल्या शब्दाखाली चार टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, असू द्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. झोपेत त्याचा तळवा विमानाच्या भिंतीला टेकलेला होता. तिनं खोडलेल्या 'आपण'खाली एक टिंब दिलं. दुसरं दिलं. मग पेन थांबलं, कारण तिला माहीत होतं की चारही टिंबं दिली की घशातलं ते आवळणं परत येणार, गुडघा परत येणार, आणि नंतर कोणती वेदना कोणाची हे सांगायला कोणी उरणार नाही. खाली समुद्र दिसायला लागला होता.

तिसऱ्या शहरात बघण्यासारखं फार नव्हतं. बंदर, मिठाच्या वाऱ्यानं रंग उडालेल्या इमारती, आणि टेकाडावर एक जुना दीपस्तंभ. बसमधून उतरल्यापासून नवरा गप्प होता. त्याच्याकडे इथलं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तो पायऱ्यांचा आकडा बोलला नाही, कुठल्या दुकानाकडे बोट केलं नाही. तो नुसता इकडे तिकडे बघत होता, कोणीतरी भेटायला येणार होतं आणि वेळ टळून गेलीय अशा नजरेनं. गेले दोन दिवस ती याच शहराची वाट बघत होती. इथं कोणी येऊन गेलेलं नाही, इथं जे होईल ते पहिल्यांदाच होईल, दोघांचं होईल, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. आणि आता इथं उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, इथंच ती बाई सगळ्यात जास्त होती. तिथं तर ती येऊन गेली होती. इथं तिचं यायचं राहिलं होतं. नवऱ्याच्या खांद्याला लटकलेला कॅमेरा त्यानं बाहेर काढला नव्हता. वाऱ्यानं त्याचे पांढरे केस उभे राहिले होते आणि तो फार म्हातारा दिसत होता. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच, की एक बाई चार महिने खाटेवर पडून एकच गोष्ट म्हणत होती, आणि म्हणताना तिनं शब्द अचूक वापरला होता.

"अहो," ती म्हणाली. "मागच्या वेळी आपण इथपर्यंत आलोच नव्हतो."

तो वळला. तिनं वाक्य मनात पुन्हा वाचून पाहिलं, उलटं, सुलटं, अक्षर अक्षर लावून. त्याच्याकडून वाचलं तरी खरं, तिच्याकडून वाचलं तरी खरं. तिसऱ्या कोणाकडून वाचलं तरी खरंच. इतक्या दिवसांत 'आपण' असलेलं हे पहिलं वाक्य, ज्यात कोणालाही चूक काढता आली नसती.

"नव्हतो," नवरा म्हणाला. "आपण नव्हतो आलो. राहिलं होतं."

दीपस्तंभाला बाहेरून एक नवी काचेची लिफ्ट बसवली होती, आणि आतून जुना गोल जिना वर जात होता. मार्गदर्शक लिफ्टच्या दाराशी छत्री घेऊन उभा होता. बँकवाले काका आतून हाक मारत होते, "वहिनी, या, या, आज काही होत नाही!" जोड्या मोजत मोजत मार्गदर्शक त्यांच्यापाशी आला, छत्रीचं टोक पुढे केलं नि विचारलं, "तुमची जोडी पूर्ण?"

नवरा जिन्याच्या अंधाऱ्या दाराकडे बघत होता. तिनं लिफ्टकडे पाहिलं. दार उघडं होतं, आत उजेड होता. तिला भीती वाटत नव्हती. तिला लिफ्टची भीती कधीच वाटत नव्हती.

"तुम्ही व्हा पुढे," ती मार्गदर्शकाला म्हणाली. "आम्ही जिन्यानं येतो."

शब्द तोंडातून गेला तेव्हा नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मार्गदर्शकाला त्यात काही वावगं वाटलं नाही; बरोबरच होतं ते, ऐकणारा वगळून. त्यानं मान डोलावली, छत्री मिटली आणि आत गेला. जिन्यात अंधार आणि गारवा होता. पायऱ्या अरुंद, मध्ये झिजून खोल झालेल्या, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. नवरा पुढे झाला. त्याचे ओठ हलायला लागले होते. पायऱ्या मोजत होता. ती त्याच्या मागे चढायला लागली, भिंतीला अगदी खेटून, खांदा दगडाला घासत. पाचव्या पायरीवर तिचा उजवा गुडघा ठणकला. कठडा तिला सोयीचा पडला असता. पण तिनं तो धरला नाही, ती बाजू मोकळी ठेवली, आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "जरा हळू चढा हो, घाई कसली आहे?"